कापलेला एक फूट

चार फूट रुंदीचं टेबल मी स्वतः समोर उभा राहून तीन फुटांचं करून घेतलं. सुतार नको म्हणत होता, बायको नको म्हणत होती, आणि मी आपला ऐटीत सांगत होतो, चालव करवत, टेबल माझं आहे. ते कोणासाठी केलं आणि पुढं काय निघालं हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. फिरू दे. सांगून टाकतो एकदाचं.

तिरोड्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतातले पंप जळतात आणि माझ्याकडे येतात. तेव्हा जेवायलाही फुरसत नसते. बाकी वर्षभर काम बेताचं. घरच्या धानाच्या बांध्या ठेक्यानं कसायला दिलेल्या. दारू नाही, पत्ते नाहीत, पानठेल्यावर उभं राहून गावच्या उखाळ्यापाखाळ्या नाहीत. एकच नाद आहे, आणि तो कोणाला सांगायची सोय नाही, कारण पंचेचाळिशीचा माणूस बाहुले खेळतो असंच सगळे म्हणणार. माझी बायको तर म्हणतेच.

बाहुले नव्हेत ते. सैनिक आहेत. अंगठ्याएवढे. ते मागवायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे, टेबलावर दोन फौजा समोरासमोर मांडायच्या आणि लढाई खेळायची. पाळीपाळीनं चाल. पायदळ एका पाळीत सहा इंच, धावत गेलं तर नऊ, घोडेस्वार बारा. भिडले की फासे टाकायचे. बुद्धिबळाला घरं आखलेली असतात, इथं आखलेलं काही नाही. टेप लावायचा, इंच मोजायचे आणि सरकवायचं. अर्धा इंच इकडचा तिकडं कोणीही करू शकतो. समोरचा माणूस तेवढं करणार नाही एवढ्या एका विश्वासावर सगळा खेळ उभा आहे.

आता असा खेळ एकट्यानं खेळता येत नाही, हीच तर पंचाईत. मला जोडीदार मिळाला तो गोंदियाच्या एका कुरिअरवाल्याकडे. काउंटरवर दोन सारखी खोकी होती, एकाच दुकानाच्या चिकटपट्टीची, आणि काउंटरवरचा माणूस विचारत होता, "भैया, ये खिलौनेवाला पार्सल आपका है कि इनका?" मी आणि शेजारचा माणूस एकाच वेळी बोललो, "खिलौना नहीं है!" मग एकमेकांकडे पाहिलं. तो म्हणाला, "अबे, जिल्ह्यात दोनच पागल, अन् दोघंबी एकाच काउंटरवर!" तो गोंदियाच्या एका शाळेत गणित शिकवतो. वर्गात हिंदी, घरी मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्या दिवशी आम्ही बाजूच्या टपरीवर तीन वेळा चहा घेतला. ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हापासून दर रविवारी तो सकाळच्या पॅसेंजरनं तिरोड्याला यायचा. माझ्या घरचे पोहे, वर चण्याचा रस्सा, चहा, आणि मग लढाई. माझी फौज मराठ्यांची, घोडेस्वार जास्त. त्याची फिरंग्यांची, पायदळ आणि तोफा. त्याची फौज राहायचीही माझ्याच कपाटात, कारण गाडीत नेताना सैनिकांच्या तलवारी मोडतात. दसऱ्याला आम्ही दोन्ही फौजा पाटावर मांडून झेंडू वाहायचो. बायको हळदकुंकू आणून द्यायची आणि म्हणायची, "घ्या, तुमच्या बाहुल्याइची पूजा करून घ्या." पण आणून द्यायची.

टेबल तेव्हा नव्हतंच. बैठकीतल्या दिवाणावर चादर ताणून खेळायचो. दिवाण मऊ, कोणी कोपऱ्यावर टेकलं की इकडची पलटण आडवी. जिल्ह्यात तिसरा खेळणारा नाही, त्यामुळे आमचं कसंही चालून जायचं. तो म्हणायचा, "आपल्याले कोणाले दाखवाचं हाय?"

चार वर्षांपूर्वी त्याची मोटारसायकल घसरली. पॅसेंजर चुकली म्हणून त्या रविवारी तिच्यावर निघाला होता, एकोडी गावाच्या अलीकडे, रस्त्यावर सांडलेल्या धानावरून. उजव्या कोपरात सळई बसली आणि हात पुरा सरळ होणं बंद झालं. जेवण, लिहिणं, फळ्यावर गणित, सगळं होतं. पण लांब हात घालून दिवाणाच्या पलीकडच्या बाजूला उभा असलेला सैनिक उचलणं होत नाही. डावा हात तो लावत नाही. डाव्या हातानं प्रसाद घेत नाहीत, तशी डाव्या हातानं फौज हलवायची नाही, असं त्याचं म्हणणं. मला पटायचं.

म्हणून त्याचे सैनिक मी हलवू लागलो. तो कडेला उभा राहून सांगायचा, "तिसरी पलटण, धावत, त्या टेकडीच्या डाव्या बाजूनं," आणि मी टेप लावून सरकवायचो. म्हणजे माझ्यावरच चाल करून यायचं, माझ्याच हातानं. आणि एक गोष्ट छाती ठोकून सांगतो, त्याची पलटण माझ्या तोफेवर येत असताना मी पुरे नऊ इंच मोजायचो. केसभर कमी नाही. कधी कधी तो खिडकीबाहेर बघत असायचा, फोनवर असायचा, तरी नाही. तेवढ्यावरून मी हरलेल्या लढायाही आहेत. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजून आहे.

मग आमच्याकडची धानाची खोली रिकामी झाली. पूर्वी त्या खोलीत छताला लागेस्तोवर धान असायचा. आता खळ्यावरूनच ट्रॅक्टर भरतो आणि खरेदी केंद्रावर जातो, घरी येतात ती वर्षभर खायच्या तांदळाची पोती. मागच्या दिवाळीनंतर मी बायकोकडे विषय काढला. ती म्हणाली, "खोली घ्या. पण माझी पोती दुसरीकडं जाणार नाई. एकबी नाई." अट मान्य.

आणि सुरू झालं माप. हे सुख ज्यानं घेतलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. टेबल केवढं करायचं यावर आम्ही दोघांनी महिनाभर काथ्याकूट केला. प्लायवूडची शीट येते आठ बाय चारची. मी म्हणालो, अख्खीच ठेवू, आठ फूट रणांगण, काय मजा! तो गणितवाला. त्यानं खोली मोजली. लांबी अकरा, रुंदी साडेनऊ. म्हणाला, "आठ फूट ठेवला त दोन्ही टोकाले दीड-दीड फूट. आपली पोटं पाह्यली का? माणसाले फिराले अडीच फूट लागते." चार बाय चार केलं तर फक्त छोट्या चकमकी होतात. नव्या नियमांच्या पुस्तकांत पाच फुटांच्या आतबाहेरची मापं असतात, ती त्याला आवडत नव्हती. "ते फ्लॅटवाल्यांसाठी हाय," म्हणायचा. शेवटी तोच ठाम बोलला, "सहा बाय चार. एक इंचबी कमी नाई. चार फूट काऊन? दोन्ही फौजा आपापल्या कडेपासून एक फूट आत मांडायच्या, मधे दोन फूट रान मोकळं. तेवढं रान नसलं त तोफ कायले ठेवाची?"

हे त्याचे शब्द आहेत. लक्षात ठेवा.

मी जुन्या पेपरांची पानं चिकटपट्टीनं जोडून सहा बाय चारचा तुकडा केला आणि खोलीत जमिनीवर अंथरला. आठ दिवस तसाच ठेवला, भोवती फिरून कळावं म्हणून. बायको तांदूळ काढायला सूप घेऊन आली की ओरडायची, "मी काय ह्या पेपरावरून उडून जाऊ का जी रोज?" तिच्यामुळेच तोडगा निघाला. पोती टेबलाखाली! दोन पोती एकावर एक ठेवली, वर चार बोटं जागा सोडली, तीच टेबलाची उंची ठरली. कंबरेएवढी आली. वाकून पाठ दुखत नाही, पोतीही जागच्या जागी. पाय केले आमच्या जुन्या बैलबंडीच्या लाकडाचे. माझ्या दुकानातली जळलेली तांब्याची तार पिळून झाडं केली, धानाचं तूस रंगवून वाळलेलं गवत. डिसेंबरात टेबल उभं राहिलं तेव्हा तो त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "अब आया मजा." मला वाटलं आता जन्मभर काही मागायचं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी, खेळ अर्ध्यावर असताना, तो सहज बोलल्यासारखं बोलला, "या टेबलावर दोन्हीकडून तूच खेळून राहिला गा. मी त नुसतं तोंड चालवतो."

हसत म्हणाला, पण मला ते लागलं. खरंच होतं. दिवाणावर निम्मे सैनिक तरी त्याच्या हाताला यायचे. चार फुटांच्या टेबलावर पहिली चाल सोडली तर पुढचं सगळं माझ्याच हातात. माझा जोडीदार माझ्याच घरात पाहुणा होऊन उभा आहे आणि माझ्या लक्षातही आलं नाही, या विचारानं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग मी काठी केली. अंगणात धान वाळत घातला की तो पसरवायला लाकडी फावडी असते ना, लांब दांड्याची, टोकाला आडवी फळी? तशीच, पण इवलीशी. तीन फुटी बांबू, टोकाला बोटभर रुंद पट्टी. सैनिकाच्या मागे टेकवायची आणि हळूच ढकलायचं. बांबू पॉलिशपेपरानं घासून घासून गुळगुळीत केला. दुकानातली निळी इन्सुलेशन टेप घेऊन दर इंचाला एक बारीक वेढा दिला, दर सहा इंचाला लाल. म्हणजे ढकलता ढकलता मापही दिसेल. चार दिवस दुकानात दुसरं काम केलं नाही. लोकांचे पंप तसेच पडून होते.

रविवारी ती त्याच्या हातात दिली. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "काठी घेऊन उभा राह्याले मी काय ढोरकी आहो बे? ढोरं हाकू?" मी समजावू लागलो, तो ऐकेना. "दया दाखवून राहिला माह्यावर?" म्हणाला. मी हात जोडले. खरोखर जोडले, बायको दारात उभी असताना. त्यानं काठी पिशवीत खुपसली. "हे नजरेसमोर नको. घरी नेऊन चुलीत घालतो." त्या दिवशी खेळ झालाच नाही. स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा गाडी दिसायला लागल्यावर तो जरा निवळला आणि रुळाकडे पाहत म्हणाला, "तीन फुटाचा असता त माहा हात पुरला असता."

बस. एवढंच बोलला. कर असं म्हणाला नाही. पण मी घरी येईस्तोवर माझं ठरलं होतं.

शंका का आली नाही? आली होती एक, पण उलटी आली. तीन फुटांवर मधलं रान एकच फूट उरतं, आणि त्यात नुकसान कोणाचं? त्याचंच. तोफा त्याच्या. माझे घोडेस्वार पहिल्याच पाळीत त्याच्या उरावर. स्वतःच्या फौजेचं वाटोळं करून घेऊन माणूस हे मागतो आहे, म्हणजे त्याला किती खुपत असेल, असा मी हिशेब केला. माझ्यासारखा बावळट शोधून सापडायचा नाही.

सुतार आला, टेबलाला हात लावून पाहिला, म्हणाला, "चांगला टेबल हाय जी. कायले कापून राहिले?"

"माणसाचा हात पुरत नाही म्हणून."

"मंग माणसाले अंदर सरकवा ना थोडा."

मी त्याच्यावर खेकसलो. त्यानं मुकाट करवत चालवली. एक फूट रुंद, सहा फूट लांब अशी पट्टी निघाली. ती मी दाराआड उभी करून ठेवली आणि काही दिवसांनी बायकोनं ती अंगणात नेऊन तिच्यावर कोहळ्याच्या वड्या घातल्या. पोतीही आता टेबलाखाली मावेनात, एक रांग बाहेर आली.  येता-जाता बायको तिला ठेचकाळायची आणि सूप घेऊन पुढं जायची.

पुढच्या रविवारी त्यानं स्वतःच्या हातानं पलटण मध्यापर्यंत नेली. मध्यापलीकडे अजून मलाच सरकवावं लागायचं, पण मध्यापर्यंत तो स्वतः. माझे डोळे भरून आले, पाणी आणतो म्हणून आत गेलो. त्या दिवशी मी जिंकलो की हरलो तेही आठवत नाही. लढाई मात्र भिकार झाली. सगळं एकमेकांच्या अंगावर, दोन पाळ्यांत कापाकापी. पण मी म्हटलं, जाऊ दे, माणूस मोठा की रान?

मग त्याचे रविवार चुकायला लागले. पेपर तपासून राहिलो. साळ्याचं लग्न हाय. बालाघाटले जाणं हाय. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

एप्रिलमधली दुपार. दुकानात एक जळका पंप उघडून बसलो होतो. फोन वाजला. नागपूरचा एकजण असे सैनिक मशीनवर छापून विकतो, त्याच्या ग्रुपवर मीही आहे. त्यानं एक फोटो टाकला होता, वर लिहिलं होतं, "हमारे गोंदिया के खिलाड़ी." गोंदियाचे? मला आधी आनंद झाला. सांगतो ना, आनंद झाला! म्हटलं, अरे वा, आणखी आहेत तर, आता त्याला फोन करतो.

फोटोत पाच माणसं एका टेबलाभोवती उभी होती. टेबलावर एक-एक फुटाचे चौकोन आखलेले. मी सवयीनं मोजले. लांबीला सहा. रुंदीला चार. पलीकडच्या कडेला एकजण वाकला होता आणि हसत होता. असा हसत होता की इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी हसला नाही. आणि त्याच्या हातात काठी होती. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. निळे वेढे. सहा इंचांवर लाल.

 तळपायाची आग मस्तकात गेली. पंप तसाच टाकला, शटर अर्धं ओढलं आणि घरी आलो. बायकोसमोर फोन धरला. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

"काठी तुमचीच हाय जी," ती म्हणाली. मग चष्मा काढत, "चुलीत घालतो म्हणे ना थो?"

मी खाटेवर बसलो. ती म्हणाली, "वड्या काढून देतो. पट्टी जोडून घ्या परत."

"कोणासाठी जोडू?"

 तिनं पाणी आणून दिलं.

फोन करून शिव्या घालाव्यात असं दहादा वाटलं. पण मनात एक आशा होती, लाचार आशा म्हणा, की तो स्वतःहून सांगेल. गुरुवारी मीच फोन केला. "रविवारी येतोस ना?" तो म्हणाला, "येतो ना बे. तुह्याशिवाय कुठं जाऊ?" केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, त्या दिवशी कळलं.

रविवारी आला. पोहे खाल्ले, रस्सा पुन्हा मागून घेतला. बायकोनं वाढला आणि लगेच आत गेली. आम्ही फौजा मांडल्या. तो उन्हाबद्दल बोलत होता, इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला यंदा पुरेल का याबद्दल बोलत होता. मी हं हं करत होतो. तिसऱ्या पाळीला त्याची एक पलटण मध्य ओलांडून माझ्या बाजूला आली. तो कडेवर टेकला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "सरकव ना गा."

मी म्हटलं, "काठी कुठं हाय?"

"कोणती काठी?"

मी फोन काढून दोन फौजांच्या मधे ठेवला. तेवढीच जागा उरली होती तिथं. त्यानं वाकून फोटो पाहिला.

"कवापासून?" मी विचारलं.

"डिसेंबरपासून. शाळेतल्या एका मास्तरचा भाऊ हाय, त्याचे दोस्त."

"अन् टेबल?"

तो एक पलटण उगाच सरळ करू लागला. "अबे बोल ना!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको दारात आली. तिला पाहून तो आणखी खाली बघू लागला.

"फेब्रुवारीत केला."

"म्हणजे माझा कापल्यावर."

"हव."

हव! एवढंच. माझ्या हातात फासे होते, ते मी टेबलावर आपटले. तीन सैनिक पडले. ते त्याचे होते की माझे ते पाहिलंसुद्धा नाही.

मग तो बोलला, हळू आवाजात, शाळेत चुकलेलं पोर बोलतं तसा. "त्यायले मोठा टेबल पाहिजे होता. जिल्ह्यात एकच होता, तुह्याकडे. आज ना उद्या त्यायले कळलं असतं त सगळे इकडंच आले असते, तिरोड्याले. तीन फुटाच्या टेबलासाठी कोण येते?"

"मंग येऊ द्याचे होते ना! माह्या घरचे पोहे कमी पडले असते?"

"नसते पडले. थेच त हाय. तुहंच घर, तुहाच टेबल, तुहेच पोहे. नऊ वर्सं मी गाडीत बसून तुह्या घरी येऊन राहिलो. मले वाटलं, एकदा माह्या घरी कोणी यावं."

"मले काऊन नाई बोलावलं? मी आलो नसतो?"

"तू आला असता त तिथंबी माहे सैनिक तूच सरकवले असते."

 चार वर्षं मी ज्या गोष्टीची ऐट मिरवली, ती हा माणूस चार वर्षं दात ओठ खाऊन सहन करत होता. सांगायचं होतं मग! तोंडावर सांगायचं, भांडायचं, शिव्या द्यायच्या. मी ऐकून घेतलं असतं. पण यानं माझ्याच हातानं माझं टेबल कापून घेतलं आणि कापताना मला वाटू दिलं की मी पुण्य करतो आहे. हे कसं विसरू?

"काठी तरी कायले ठेवली?" मी विचारलं. "चुलीत घालणार होता ना?"

"चांगली हाय काठी," तो म्हणाला. "सगळे विचारतात, कोणी बनवली."

"मंग काय सांगतोस त्यायले?"

 "शाळेत बनवून घेतली म्हून सांगतो."

मला इतका वेळ राग होता. त्या वाक्यानंतर राग गेला आणि नुसतं रडू यायला लागलं, आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. मी खाली वाकून पडलेले सैनिक उभे करत बसलो. दोन त्याचे होते, एक माझा. एकाची संगीन वाकली होती, ती नखानं सरळ केली. बायकोनं चहाचे कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि आत गेली. चहा कोणी घेतला नाही.

मग तो घड्याळाकडे पाहून म्हणाला, "डाव पुरा करून घेऊ. गाडीले येळ हाय अजून."

मी हो म्हणून मान हलवली.

त्याची पलटण माझ्या तोफेसमोर होती. मधे किती अंतर आहे ते टेप न लावताही दोघांना दिसत होतं. बरोबर नऊ इंच. धावत सोडली की ती तोफेला भिडणार, तोफ गेली की माझा डाव गेला. सहा बाय चारवर असतं तर ती इतक्या जवळ आलीच नसती.

"धावत," तो म्हणाला. "नऊ."

मी टेप लावला. अंगठा टेपवर दाबून धरला, एकेक सैनिक पुढं सरकवला, आणि आठ इंचांवर थांबलो. पलटण आणि तोफ यांच्या मधे एक इंच जागा तशीच राहिली. लपण्यासारखी नव्हती. टेबलाच्या त्या कडेवरूनसुद्धा दिसत होती, आणि तो तर जन्मभर पोरांची गणितं तपासत आलेला माणूस.

त्यानं त्या एका इंचाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"बरोबर हाय," तो म्हणाला, आणि फासे माझ्याकडे सरकवले.